शनिवार-रविवारचं एमबीए

३ डिसें., बुध.
बढती परत हुकली. वर्तकसाहेब म्हणाले, "मनीषा मॅडम, लॅबचं तुम्ही बघताच. पण मॅनेजरला एमबीए लागतं." ठीक. करू एमबीए. पण खुर्चीसाठी नाही, इथून सुटायला. पुणे, बडोदा, कुठेही. हे फक्त इथे लिहितेय. नवऱ्याला, निलेशलासुद्धा बोललेले नाही.

५ डिसें., शुक्र.
सुट्टी. अंधेरीच्या एका कॉलेजला फोन. पार्टटाइम, वीकेंडला वर्ग. मी विचारलं, "शुक्रवारी किती वाजता?" पलीकडून आधी, "कधी?" मग, "मॅडम, शनिवार-रविवार." तारापूर एमआयडीसी शुक्रवारी बंद, म्हणून जगही शुक्रवारीच बंद, असं डोक्यात पक्कं बसलंय. शनि-रवि तर माझी ड्यूटी. शिवाय प्रवेशाला कंपनीचं परवानगीचं पत्र हवं. निलेशला सांगितलं तर पोट धरून हसला. त्याचीही कंपनी शुक्रवारीच बंद असते, तरी हसला.

६ डिसें., शनि.
मग दूरशिक्षण. कुणाची परवानगी नको, पत्र नको. फर्स्ट शिफ्टहून येऊन नमुन्याचं एक लेक्चर लावलं. अंगणात मासळी वाळत घातलेली. तिथून सासूबाई, "मनीषा, जवळा उलटायचा हाय गो."
"आई, अभ्यास करते."
"घरातच हायस ना? मंग?"
उलटला. परत बसले तर नळाला पाणी आलं. मग नणंदेचा फोन. लेक्चर तिथेच. हाताला जवळ्याचा वास. दूरशिक्षणात घर दूर असतं तर कितीतरी बरं झालं असतं. दोन वर्षं हे असं? पास होणार नाही मी. स्वतःला ओळखते.

९ डिसें., मंगळ.
धीर करून साहेबांकडे गेले. सुट्टी बदलून द्या, पत्र द्या. नाही म्हणतील म्हणून भांडायच्या तयारीने गेले होते. तर चहा मागवला. "कंपनीच पाठवेल तुम्हाला. फक्त बाँड. डिग्री झाल्यावर पाच वर्षं सोडायचं नाही." बाँडशिवाय पत्र नाही. मी थँक्यू म्हणाले. सवयीने.
जायला म्हणून शिकायचं, आणि शिकायचं तर जायचं नाही. आगीतून फुफाट्यात. सहीला शनिवारपर्यंत मुदत.

११ डिसें., गुरु.
काही नाही. दिवसभर चिडचिड. भाजीत मीठ दोनदा. सफाळ्याच्या वैशालीला, लॅबमधल्या, विचारलं. "कर सही, पुढचं पुढे." तिचं बरं आहे, तिला कुठे जायचं नाही. मला नुसतं कोंडल्यासारखं होतंय.

१२ डिसें., शुक्र.
संध्याकाळी निलेशने चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. बाँडचं सांगितलं. वाटलं, पाच वर्षं ऐकून कंपनीला शिव्या घालेल.
"बरं झालं," म्हणाला.
"काय बरं झालं?"
चपलेतली वाळू झटकली. मग, "शिकलीस का तू जाशील, असं वाटायचं मला. आमाला सोडून नाय, पन इथून. आई हाय, मी कुटं येनार? आता बाँड हाय म्हंजे नाय जानार."
कधी कळलं याला? राग आला, आणि रडूही. "वेडा आहेस का" एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही तोंडातून निघेना. तो थांबला होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग उठून स्कूटर चालू केली.
साहेबांना उद्या उत्तर द्यायचंय. त्याला आजच द्यायला हवं होतं.