शेवटी आलेल्याचा मान

मी, आशालता शमुवेल हिवाळे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, राहणार जुने पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवत आहे. ‘रागात’ हा शब्द वकीलसाहेबांनी खोडला होता. मी तो परत लिहिला आहे. डॉ. आभा टिपणीस यांनी मला तपासून रक्तदाब चढलेला, पण डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

आता का केलं, तेही सांगते. माझ्या घरात रस्त्यावरची मुलं राहतात. विमानतळ आल्यापासून या घरावर दोघांचा डोळा आहे. एक माझा पुतण्या स्वानंद, त्याला इथे बिल्डरकडून टॉवर उठवायचा आहे. दुसरी आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, त्यांना लग्नाचा हॉल हवा आहे. माझ्यामागे मुलांची कुठेतरी सोय करू, असं दोघंही गोड बोलून सांगतात. कुठेतरी म्हणजे कुठे, असं विचारलं की दोघांनाही उशीर होत असतो.

१. घर. सदर घर व भोवतालचं अंगण ही मिळकत मी व माझे दिवंगत पती शमुवेल यांनी आमच्या पगारातून घेतली असून आज ती संपूर्ण माझ्या नावावर आहे. ती वडिलोपार्जित नाही. स्वानंदने हे वाक्य आपल्या वकिलाला मोठ्याने वाचून दाखवावं. ही मिळकत मी ‘ओसरी’ या आमच्या नोंदणीकृत न्यासाला देत आहे. तिथे मुलंच राहतील. हॉल नाही, टॉवर नाही, पार्किंगही नाही.

ओसरी हे नाव कोणी विचार करून ठेवलेलं नाही. पहिली दोन पोरं ओसरीवरच झोपली, म्हणून ते पडलं. मग पावसात ती पुढच्या खोलीत आली, ती आलीच. पुढे माडीही त्यांनाच गेली. शमुवेलचं पुस्तकांचं कपाट जिन्याखाली गेलं आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही, असा तो माणूस होता. ते वारल्यावर आमची झोपायची खोली मी मुलींना दिली आणि कोठीत खाट टाकली. मला कोणी बिचारी म्हणू नये. कोठीत लोणच्याचा वास येतो आणि मला लोणचं फार आवडतं.

२. पंगतीची रीत. घर न्यासाला मिळेल ते या अटीवर, की जेवणाआधीची प्रार्थना घरात सर्वांत शेवटी आलेल्या माणसाने करायची, त्याला येईल त्या शब्दांत. मग तो कोणीही असो. ही रीत सुरजने पाडली. कळंबोलीला ट्रक पुसणारं ते पोर पहिल्याच दिवशी पानावर बसलं आणि मी माझी लांबलचक प्रार्थना सुरू केली. भात निवत चालला तसं ते म्हणालं, “बाई, तुमचं रोजचंच हाय. आज मी बोलतो. देवा, कारलं हाय तरी खातो. मला परत तिकडं धाडू नको.” मी आमेन म्हटलं आणि जेवले.

सुरजचं आता कळंबोलीतच टायरचं दुकान आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याने करावी. कोणाला घाबरत नाही, हा त्याचा मुख्य गुण.

३. कारभार. घराचा कारभार शुक्री वाघमारे हिने पाहावा. आजही तीच पाहते, मी फक्त ओरडते. नेऱ्याच्या पलीकडल्या कातकरी वाडीतली ही पोर. आईबाप वीटभट्टीवर गेले आणि ही बाजारात हरवली. पहिल्या दिवशी तिने डोळे मिटून म्हटलं, “डोंगरच्या देवा, माझी आय भट्टीवर हाय. तिलापन भात दे.” आमच्या चर्चचे पाळकसाहेब पंगतीत होते. हे प्रभूच्या नावाने मागितलेलं नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हटलं, “आईसाठी भात मागितलाय, पाळकसाहेब. तो कोणाच्या नावाने पोचतो, हे आपण नको ठरवायला.” मी ख्रिस्ती आहे, ख्रिस्ती म्हणूनच मरणार, आणि हे घर मी प्रभूच्याच सांगण्यावरून चालवलं. पण पोटात भूक असलेल्या पोराचा बाप्तिस्मा मी कधी केला नाही, कोणाला करू दिला नाही.

४. मंडळी. या कारणाने मंडळीने आमच्याकडे नाताळला यायचं बंद केलं. माझी पेटी मंडळीला द्यावी. तिचा एक सूर बसलेला आहे, तो त्यांनी दुरुस्त करून घ्यावा. बाकी काही नाही.

५. श्री. कमलाकर पाटणकर, शेजारी. मंडळी रागावली ती मी पोरं बाटवत नाही म्हणून, आणि या गृहस्थांनी पोलिसांत अर्ज दिला तो मी पोरं बाटवते म्हणून. चौकशीला आलेले हवालदार चहा पिऊन गेले. पण पाटणकरांना समाधान नाही, तेव्हा ऐन जेवणाच्या वेळी स्वतः बघायला आले. शुक्रीने ताट वाढलं आणि म्हणाली, “काका, आज शेवटचे तुमी. बोला.” मास्तरकी केलेला माणूस, घाम फुटला त्यांना. शेवटी लहानपणचा श्लोक म्हणाले आणि पोरं एकसुरात आमेन म्हणाली. तेव्हापासून दर शनिवारी पिठल्याला येतात. तरीही माझा शेवगा त्यांनी न विचारता छाटला, ते मी विसरलेली नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून त्यांना साक्षीदार केलं आहे.

६. माझी माती. मला शमुवेलशेजारी पुरावं. कबरीपाशी प्रार्थना पाळकसाहेबांनी नाही, त्या दिवशी घरात सर्वांत शेवटी आलेल्या मुलाने करावी. सध्या ती एक मुलगी आहे, स्टेशनवरून आणलेली. अजून बोललेली नाही, नावही माहीत नाही. आम्ही सगळे तिच्याकडे बघत गप्प बसतो. तिने घास उचलला की ते आमेन. मी जाईपर्यंत तीच शेवटची असेल आणि बोलली नाही, तर सगळ्यांनी तसंच गप्प उभं राहावं. तिने मूठभर माती टाकली की झालं. मधे कोणी भाषण करू नये.

७. स्वानंद. हा लहानपणी प्रत्येक मे महिन्यात माझ्याकडे असायचा. माझ्या हातच्या कोलंबीभातासाठी हट्ट धरायचा आणि मी करायची, कारण माझा फार जीव होता त्याच्यावर. आहे. घरात पोरं आली तेव्हा त्याची आई म्हणाली, आता तिथे कोणाकोणाच्या पंगतीला बसायचं. त्यानंतर तो उंबऱ्याच्या आत आला नाही. परवा घर मागायला आला, तेही अंगणात उभं राहूनच मागितलं.

त्याला घर नाही, जमीन नाही, हरकत घ्यायला जागाही नाही. पण माझ्या मातीनंतर तो जेवायला आत आला, तर शुक्रीने कोलंबीभात करावा आणि पोरांच्या पंगतीत त्याचं ताट मांडावं. त्या दिवशी घरात सर्वांत शेवटी आलेला तोच असेल. तो बोलेपर्यंत कोणीही घासाला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागला तरी चालेल. आमच्या पोरांना थांबायची सवय आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: आशालता शमुवेल हिवाळे

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:

१. डॉ. आभा टिपणीस
२. कमलाकर पाटणकर (शेवग्याबाबतचा मजकूर मान्य नाही)

स्थळ: पनवेल
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५