धोकादायक माल : नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे करणाऱ्या एका खाजगी कचेरीत एकोणतीस वर्षे नोकरी. कस्टमचे घोषणापत्र दाखल करण्याचा परवाना आमच्याकडे एकट्या माझ्या नावे आहे. त्यात जे लिहिले जाते त्याला मी जबाबदार. ही वही कचेरीसाठी नाही. तिथे जे बोलता येत नाही ते नीट शब्दांत कुठेतरी मांडून ठेवावे, एवढाच हेतू. नाहीतर ते पोटात आंबते.

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज कामावर रुजू झालो. दोन आठवड्यांनी स्वतःच्या खुर्चीवर बसलो, तर की-बोर्डवर कुणाच्या तरी खाण्याचे तेलकट ठसे — एंटरच्या कळीवर सर्वांत जाड. माउस बोटाला चिकटला. स्पिरिटने दोनदा पुसला, तरी जेवताना हाताला तोच वास.

त्याहून किळस आली ती नोंदींची. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे : जुनी नोंद उघडायची, तिची प्रत काढायची, नाव-तारीख बदलायची आणि पुढे ढकलायची. कचेरीत याला ‘छापा मारणे’ म्हणतात. नोंदी भरणाऱ्या बाई यात इतक्या तरबेज, की मनातल्या मनात मी त्यांना छापाबाईच म्हणतो. माझ्या गैरहजेरीत त्यांनी गाद्यांच्या नोंदीवर छापा मारून पाण्याच्या पंपांची नोंद केली. वर्णन बदलले, नग बदलले. बांधणीच्या रकान्यात ‘घडी घालून’ तसेच राहिले.

मी म्हणालो, “बाई, पंपाची घडी कशी घालतात ते एकदा दाखवा.”

“दाखवते की. आधी तुम्ही दिवसात सत्तर नोंदी भरून दाखवा.”

सगळे हसले. बाईंचे वय चाळीस, उजवा खांदा आखडलेला, जीभ मात्र सैल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका नोंदीत मालाचे वर्णन : ‘माल’.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रजेच्या काळातल्या सर्व नोंदी तपासल्या. एक नोंद माझ्या नावाने दाखल झाली आहे. दिनांक २४ जानेवारी. त्या दिवशी मी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पालथा पडलो होतो!

मालाचे वर्णन — प्लास्टिकचे सुटे भाग. वीस फुटी कंटेनर, एक. वजन — एकवीस हजार चारशे किलो. धोकादायक माल — नाही. दाखल करणारा — मी.

या गिऱ्हाइकाचे प्लास्टिकचे भाग मी बारा वर्षे नोंदवतो आहे. कंटेनर छतापर्यंत दाबून भरला तरी सहा हजार किलोंच्या वर जात नाही. मग उरलेले पंधरा हजार किलो कशाचे? हाच गृहस्थ वाहनांच्या जुन्या बॅटऱ्यांचाही व्यापार करतो. वजन खरे लिहिले, कारण ते बंदराच्या यार्डातला काटा पकडतो. वर्णन खोटे लिहिले, कारण वर्णनाला काटा नाही.

जहाज बुधवारी, बारा तारखेला सुटणार. कंटेनर अजून यार्डातच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी यार्डात गेलो. क्रेनवाला ओळखीचा. म्हणाला, “तुमचा का हा डबा, साहेब? चार दिवस झाले, घाम फुटलाय त्याला.”

दाराच्या खालच्या रबरातून काहीतरी झिरपत होते. तिथला रंग फुगून सुटला होता आणि खालची फरशी पांढरी पडली होती. नाकात झोंबणारा आंबूस दर्प. पलीकडे एक हमाल टाचेला फडके गुंडाळून बसला होता. “पाणी असेल म्हणून पाय दिला,” म्हणाला. फडके सोडून दाखवले. टाचेचे सालटे गेले होते. मी पाहिले, कारण पाहणे भाग होते.

हा डबा जहाजावर चढला की वर डब्यांची चळत आणि आजूबाजूला झोपणारी माणसे. माझ्या नावाने.

तसाच कचेरीत परतून आमच्या मालकांच्या खोलीत गेलो.

“सील लागलंय हो. बुधवारपर्यंत नाक दाबून बसा.”

“आत बॅटऱ्या आहेत.”

“बॅटरीची पेटी कशाची असते? प्लास्टिकची ना? मग प्लास्टिकच झालं की.”

“आणि त्यावर माझं नाव?”

“अहो, तुमचं नाव आहे म्हणून तर कुणी उघडून बघत नाही! कौतुकच आहे हे तुमचं.”

बडीशेप पुढे केली. घेतली नाही. एकोणतीस वर्षे एकेक स्वल्पविराम जागेवर ठेवला, तो या माणसाच्या आडोशासाठी. बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. तोंडातली कडू चव गेली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंना बाजूला बोलावले. नोंद कुणी भरली?

“मीच. मालक खुर्चीमागे उभे होते.”

“पासवर्ड?”

“त्यांनी चिठ्ठी दिली. कुठून आणली ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं, कबूल. तुमच्याकडे परवाना आहे, माझ्याकडे नुसता पगार.”

“आणि धोकादायक — नाही, हे कुणी लिहिलं?”

“ते लिहावं लागत नाही, साहेब. ते आधीपासून ‘नाही’च असतं. ‘होय’ करायचं असेल तरच हात लावायचा.”

जणू मला माहीत नाही. त्या रकान्याला हात लावायचा असतो, म्हणून तर माणूस बसवलेला असतो.

चिठ्ठीची गोष्ट मला पटलेली नाही. माझा पासवर्ड टेबलाच्या खणातल्या डायरीत आहे, आणि रजेत माझ्या किल्ल्या बाईंकडे होत्या. खणात हात घालून माझे कागद चिवडताना त्यांची बोटे डोळ्यांसमोर येतात.

सौ. विचारत होती, जेवण का जात नाही. कचेरीचे घरात आणत नाही, म्हणून सांगितले नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कस्टमच्या निरीक्षकांना लेखी कळवले. त्यांनी जबाब मागितला. तिथेच बसून दोन परिच्छेदांत लिहून दिला. पहिल्यात वजनाचा हिशेब. दुसऱ्यात असे : ‘माझा पासवर्ड माझ्या संमतीवाचून मिळवण्यात आला. त्या काळात माझ्या टेबलाच्या किल्ल्या नोंदी भरणाऱ्या बाईंकडे होत्या.’ दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली, जोडली नाहीत. जोडण्याचे काम वाचणाऱ्याचे.

निरीक्षक म्हणाले, “इतकं स्वच्छ लिहिणारा माणूस महिन्यात एखादाच भेटतो.”

कंटेनर अडवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उघडला. दर्शनी भागात प्लास्टिकच्या भागांची एक रांग, मागे सगळ्या बॅटऱ्या. खालच्या थरातल्या फुटून वाहत होत्या. मालकांना दुपारी बोलावून नेले. बाईंचा बंदरात जाण्याचा पास जप्त झाला. चोरीचा शेरा बसला की या धंद्यात त्यांना कुणी दारात उभे करणार नाही.

पिशवी भरून त्या माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज चढवला नाही.

“नोंद मी भरली, त्याचं जे व्हायचं ते होवो. पण चोरी केली असं लेकीला कसं सांगू? तेवढं तुमच्या त्या नेमक्या शब्दांत लिहून द्या मला.”

मी फाइल चाळत राहिलो. दया आली नाही. तेही नोंदवून ठेवतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळे मिटले असे वाटून सकाळी चहाच्या वेळी सौ.ला प्रथमच सर्व सांगितले. चोरीचे ऐकून तिने कप खाली ठेवला.

“चोरला कसा? तुम्हीच तर सांगितलात. ऑपरेशनच्या संध्याकाळी मालकांचा फोन आला नव्हता का? गुंगीत होतात तुम्ही. फोन मी धरला होता तुमच्या कानाशी. अक्षर न् अक्षर सांगितलंत. वर त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलंत. एक अंक चुकला, तर केवढे चिडलात त्यांच्यावर.”

मला काहीही आठवत नाही. पण तो मीच. दुसरा कोण म्हणवून घेईल?

निरीक्षकांना आज द्यायचा मजकूर, नक्कल इथे :

‘१० तारखेच्या जबाबातील दुसरा परिच्छेद असत्य आहे. पासवर्ड मी स्वतः मालकांना फोनवर दिला आणि त्यांनी तो बरोबर लिहून घेतल्याची खात्री करून घेतली. बाईंनी चोरी केलेली नाही. किल्ल्यांचे वाक्य मी त्यांच्यावर संशय यावा म्हणूनच तिथे ठेवले होते. यामुळे माझा परवाना रद्द होऊ शकतो, याची मला जाणीव आहे.’

दोन प्रती. दुसरी बाईंच्या लेकीसाठी, आज स्वतः नेऊन द्यायची.

(सही)
स्थळ : घरचे जेवणाचे टेबल
दिनांक : १२ फेब्रुवारी