कृपया शेर आणू नये

शिंदखेडा

प्रिय योगू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण मी फोन लावला की आबा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि पेपर वाचतोय असं दाखवत शब्द न् शब्द ऐकतात.

तू जळगावला होस्टेलवर असताना आबांसाठी ब्राउझरचं ते प्लगइन केलं होतंस ना, मराठी पान उघडलं की ‘आहे’चं ‘शे’, ‘सगळे’चं ‘बठ्ठा’ असं शब्दाशब्दाचं अहिराणी करणारं? ते अजून चालतं. त्याच्यापायी मी ब्राउझर नवा होऊ दिलेला नाही. दोंडाईच्याचा कॉम्प्युटरवाला वना मला रागावतो, “अक्का, हाई दार उघडं शे, चोर घुसी!” चोराचं काय घेऊन बसलास, आता बातम्यांची पानंच रुसायला लागलीत. एकेक करून जुन्या ब्राउझरवर उघडेनाशी झाली. आबांना दोनच उरलीत. नवा ब्राउझर घेतला तर पानं परत येतील, पण तुझं प्लगइन त्यात बसणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मला मात्र भलतंच कोडं पडलंय. पानं अहिराणीत दिसतात ते तुझ्या प्लगइनचं काम आहे, हे आबांना ठाऊक असेल का रे? परवा छापील पेपर हातात घेऊन म्हणाले, “ह्या छापखानावालासले अजून अक्कल उनी नही.” म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना आली आहे! मी विचारणार होते, पण चहा टाकायला उठले.

दिवाळीत तू ऋजुताचं नाव काढलंस तेव्हा आबा बिघडले, ते मुलगी गुहागरची म्हणून नाही. जातीपातीचंही नव्हतं. तू तणतणत निघून गेलास, तुला ऐकू आलं नाही. ते ओट्यावर बसून पुटपुटत होते, “नातवंडं मनासंगे कोनती बोली बोलतीन?” एवढंच. मग हट्टाला पेटले, लग्नाला येत नाही म्हणाले. बाप तसा बेटा.

तू गुपचूप मला पत्रिकेच्या पानाची लिंक पाठवलीस. मोबाईलची काच फुटली आहे म्हणून मी ते कॉम्प्युटरवर उघडलं, आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. बाहेर येते तर आबा खुर्चीत. तू लिहिलं होतंस, ‘आमचं लग्न आहे. सगळे या. कृपया आहेर आणू नये.’ समोर होतं, ‘आमनं लगन शे. बठ्ठा या. कृपया शेर आणू नये.’ अरे, तुझ्या प्लगइनने ‘आहेर’मधला ‘आहे’सुद्धा सोडला नाही!

मला वाटलं, आता भडका उडणार. आबा चष्मा पुसत होते. म्हणाले, “पोऱ्यानी पत्रिका आपली बोलीमा लिखी, वं.” मग एकदम हसत सुटले, “लगनमा शेर कोन आनस!” डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी धोतरजोडी धुवायला काढली. गल्लीत बेबाबाईपासून सगळ्यांना सांगून झालंय की पोराच्या लग्नाला शेर आणायची बंदी आहे.

आता मुद्दा. रविवारी आबांशी गप्पा मारायला झुलालनाना येणार आहेत, आणि आबा म्हणालेत, नानांच्याच मोबाईलवर त्यांना पोऱ्याची पत्रिका दाखवतो. नानांच्या मोबाईलमध्ये तुझं प्लगइन नाही, योगू. तिथे ‘आहे’ म्हणजे ‘आहे’च दिसेल. प्लगइन ठेवायचं की काढायचं ते तू इथे आलास की बघू, जमलं तर नव्या ब्राउझरसाठी नवं करून दे. पण रविवारच्या आत ती पत्रिका तू स्वतःच्या हाताने अहिराणीत लिही. ऋजुतालाही शेजारी बसव, दोन शब्द तिलाही लिहू दे. आणि तो शेर तेवढा आहे तिथेच राहू दे.

तुझीच,
सुलक्षणाक्का