चार हिरवे दिवे

६ फेब्रुवारी, सकाळी ११

बॅटरी आली. अकरा किलो, वर हँडल, पुढे चार हिरवे दिवे. चारही पेटले की फुल. आजपासून माझा स्टुडिओ चार भिंतींतून सुटला. डोंगर, नदीकाठ, माळरान, उभा राहीन तिथे माझा फ्लॅश पेटणार. इथल्या एकाही फोटोग्राफरकडे ही वस्तू नाही. निदान मला माहीत असलेल्या तिघांकडे नाही.

अर्थात बॅटरी मुळात बाबांसाठी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. बॅटरी ताईने घेऊन दिली. कोणती घ्यायची ते मी सुचवलं. ती माझ्या फ्लॅशलाही बरोबर चालते, हा योगायोग. एका दगडात दोन पक्षी.

दुकानदार म्हणाला, मशीन यावर सव्वा तास चालेल. सव्वा म्हणजे दीड. दुकानदार हातचं राखून सांगतात, म्हणजे दोन. ताईने फोनवर विचारलं तेव्हा तोंडातून तीन गेलं. गेलं ते गेलं.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी

बॅटरी बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. बाबा बराच वेळ बघत राहिले. हल्ली ते वाक्य हप्त्याहप्त्याने बोलतात, मधे श्वास घेतात. म्हणाले, थोरली फोनवरून काळजी करते. मधला उभ्या उभ्या उपदेश करतो. ही धाकटी बरी, पायाशी गप्प बसलीय. तेव्हापासून बॅटरीचं नाव धाकटी.

स्टुडिओ मूळ बाबांचाच. चाळीस वर्षं चालवला. एक खिडकी, एक पांढरी चादर आणि ऊन, एवढ्यावर. मी म्हटलं, बाबा, जमाना बदलला. ते म्हणाले, ऊन तेच आहे. जुन्या लोकांशी टेक्नॉलॉजीवर बोलण्यात अर्थ नाही.

१० फेब्रुवारी

ऑक्सिजनचा जादा सिलिंडर एजन्सीला परत देऊन टाकला. धाकटी असताना त्याचं काम काय? नुसता जागा अडवून बसला होता. त्या कोपऱ्यात माझे तीन लाइट स्टँड अगदी मापात बसले. बायको म्हणाली, आधी ताईंना विचारा. मी म्हटलं, घरातले तांत्रिक निर्णय माझ्याकडे आहेत. दुपारी ताईचा फोन आला, पण सिलिंडरचा विषय निघाला नाही. म्हणजे मी काढला नाही.

संकल्प. एक, धाकटी रोज चार्ज करायची. दोन, शूटला नेली तर दोन तासांत परत. तीन, रोज पाऊण तास बाबांजवळ बसायचं, मोबाइल न बघता.

१३ फेब्रुवारी

बुटांच्या कंपनीचं काम मिळालं! जाहिरातीच्या बाई स्वतः स्टुडिओत आल्या. ट्रेकिंगचे बूट, जुन्या दगडाच्या खाणीत, भर उन्हात, पण मागचं आभाळ काळंभोर हवं. म्हणजे फ्लॅश सूर्यापेक्षा जोरदार हवा. बाईंनी विचारलं, जमेल ना? मी असा हसलो की त्यांनी पुढे विचारलंच नाही.

तिसरा संकल्प उद्यापासून.

१७ फेब्रुवारी, दुपारी २

शूट झालं. तसं बघितलं तर झालं.

मदतीला वायरमन होता. माझा शाळेतला मित्र, स्टुडिओच्या खाली पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो. म्हणाला, स्टँडला वजन बांध, वारा आहे. मी म्हटलं, हा वारा नाही, झुळूक आहे. झुळुकेने फ्लॅशवरचा छत्रीएवढा कापडी सॉफ्टबॉक्स खाणीच्या तळ्यात नेऊन टाकला. फ्लॅश वायरमनने झेलला, त्याबद्दल तो दिवसभर बोलत होता. फोटो अकरा निघाले. त्यांतल्या चारांत बूट आहे.

बाईंना कळवलं, हवामान प्रतिकूल होतं. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिने आयुष्यात खाण पाहिलेली नाही.

धाकटी साडेपाच तास बाहेर होती. तेवढ्यात वीज एकदाही गेली नाही. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे.

२१ फेब्रुवारी, दुपारी १

पुन्हा खाण. या वेळी स्टँडला दगड बांधले. वारा शून्य, आभाळ स्वच्छ, धाकटी फुल. फ्लॅश पेटेना. पाऊण तास वायरी उलटसुलट केल्या, दुकानदाराला शिव्या घातल्या. शेवटी वायरमनने कॅमेऱ्यावरचा ट्रिगर उघडला. बटण दाबलं की फ्लॅशला इशारा जातो तो त्यातूनच. त्यातले दोन पेन्सिल सेल संपलेले. अकरा किलोची बॅटरी वाहून नेली आणि बोटाएवढ्या सेलवाचून परत आलो. वायरमन वाटभर एकटाच हसत होता. ही मैत्री एकदा तपासून बघायला हवी.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४

मघाशी लिहायचं राहिलं. मी खाणीत असताना घरी वीज गेली होती. दहा मिनिटं. बायको म्हणते बावीस.

पलंगाशी धाकटी नव्हती, कोपऱ्यात सिलिंडर नव्हता. बायकोने बाबांना खिडकीशी बसवलं आणि तिच्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या वहीने वारा घातला. बाबांचे ओठ जांभळे पडले होते म्हणे. मी पोचलो तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं. बायको वही उचलून आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं.

बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, धाकटी फिरून आली का? मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

२२ फेब्रुवारी

पक्का निर्णय. धाकटी घराबाहेर जाणार नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली सही केली. सिलिंडरही परत आणायचा. एजन्सीला फोन लावला, लाइन बिझी होती. उद्या.

आज बाबांजवळ बसलो. सव्वीस मिनिटं. मोबाइल फक्त एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला तो वेळ बघायला.

२४ फेब्रुवारी

एजन्सीचा फोन लागला. डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि आठवडाभर थांबायला हवं. परत देताना मात्र दोन मिनिटांत घेऊन गेले होते. चिठ्ठी बायकोच्या फाइलमध्ये आहे. मागायची तर आणखी कशाकशावर बोलणं निघेल. चांगला मूड बघून मागतो.

२७ फेब्रुवारी

बाईंचा फोन. तीन तारखेपर्यंत फोटो मिळाले नाहीत तर काम दुसऱ्याला. तो दुसरा कोण ते मला ठाऊक आहे. त्याच्याकडे एक ड्रोन आहे आणि अक्कल भाड्याने आणलेली आहे.

दिवसभर डोक्यात तेच. चाळीस वर्षांचा स्टुडिओ, आणि माझ्या हयातीत त्यात नुसते पासपोर्ट फोटो. बाबा काही म्हणत नाहीत, पण मला ते न म्हणणं ऐकू येतं.

बावीस तारखेचा निर्णय पुन्हा वाचला. 'घराबाहेर' असा शब्द आहे. त्याचा अर्थ विनाकारण घराबाहेर.

१ मार्च, संध्याकाळी

बाबांना सांगितलं. सगळं नाही, पण काम हातचं जाईल एवढं सांगितलं. त्यांनी बुटाचा रंग विचारला, चामडं गुळगुळीत की खरबरीत ते विचारलं. म्हणाले, आठ ते दहा काम कर. ऊन तिरकं असतं. चामड्याचा पोत उठतो. मग बराच वेळ नुसता श्वास घेतला. मग म्हणाले, ने तिला. लवकर आण.

आणि माझा हात थोपटला. मी उठून गॅलरीत गेलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय.

बायकोला सांगत नाही. तिला उगाच काळजी. सकाळी धाकटीच्या जागी तिचं रिकामं खोकं ठेवून वर चादर टाकीन. व्यवस्था चोख आहे.

२ मार्च, दुपारी १२:५०

जमलं! बाबा म्हणाले तसंच ऊन होतं. आभाळ काळंभोर, दगड पांढरे, आणि बुटाची शिलाईसुद्धा मोजता येते. बाई खाणीत आल्या होत्या. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून फक्त वा म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मला कोणी वा म्हटलेलं नाही.

आता बॅटरीचं. पुस्तिकेत स्वच्छ छापलंय, फुल चार्जवर तीनशे फ्लॅश. मी मोजून दीडशे मारले. म्हणजे निम्मी शिल्लक, म्हणजे दोन दिवे. आम्ही फोटोग्राफर बॅटरी तासांत मोजत नाही, फ्लॅशमध्ये मोजतो. ते जास्त अचूक.

वायरमनची भुणभुण चालू होतीच. फ्लॅशच्या आत एक साधा बल्ब असतो, सावली कुठे पडते ते आधी बघायला. तो सतत पेटता राहतो. वायरमन म्हणाला, बंद कर, उन्हात दिसतही नाही आणि बसल्या बसल्या बॅटरी पितोय. मी म्हटलं, फोटोग्राफर तू की मी? आवरताना हात लागला तर चटका बसला. राहिला असेल थोडा वेळ चालू. आठपासून अकरापर्यंत.

घरी आलो तेव्हा बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खोकं काढलं, धाकटी जागेवर ठेवली. दिवे दोन असावेत. खिडकीतून ऊन येत होतं, नीट दिसलं नाही. चार्जिंगला लावायची तर स्वयंपाकघरात लावावी लागते, बाबांच्या खोलीतले दोन्ही प्लग गुंतलेले. पण चार्ज होईपर्यंत सात तास ओट्याशेजारी दिसली की बायको विचारणार, काल तर फुल होती. संध्याकाळी ती भाजीला गेली की लावतो.

बाबांना डुलकी लागली होती. फोटो संध्याकाळी दाखवीन. मोठ्या स्क्रीनवर दाखवीन.

२ मार्च, दुपारी ३:२०

स्टुडिओत आहे. फोटो एडिट करत होतो आणि वीज गेली. कॉम्प्युटर धाडकन बंद, अर्ध्या तासाचं काम पाण्यात. खूप चिडलो. मग आठवलं, घरी धाकटी आहे. जिवाला केवढा आधार. याला म्हणतात दूरदृष्टी.

वायरमनने चहा मागवला म्हणून वही घेऊन खाली त्याच्या दुकानात आलोय. तो म्हणतोय, घरी एक चक्कर मारून ये. मी म्हटलं, दोन दिवे म्हणजे अगदी वाईटात वाईट अर्धा तास. तोवर वीज येतेच. फोन वर टेबलावर राहिला. चहा संपला की आणतो.

१४ मार्च

बॅटरी नऊ मिनिटं चालली.

लिफ्ट बंद होती. अँब्युलन्सच्या दोन माणसांनी बाबांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायला घेतलं. आमचा चौथा मजला. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खुर्ची खाली ठेवली, नाडी पाहिली, आणि नंतर सावकाश उतरले. माझ्या फोनवर बायकोचे चौदा कॉल होते. मी जिन्याच्या तळाशी पोचलो तेव्हा ते पहिल्या मजल्यावर होते. आधी मला वाटलं, घाई नाही म्हणजे बरे आहेत.

ताई आल्यापासून येईल त्याला सांगते की माझ्या भावाने बाबांसाठी बॅटरीची सोय केली होती, पण माल खोटा निघाला. तिला दुकानदाराविरुद्ध तक्रार करायची आहे. तीन तास सांगून नऊ मिनिटं. तीन तास दुकानदाराने सांगितले असं तिला पक्कं वाटतं. तक्रारीचं पत्र मी लिहावं, कारण यातलं मला कळतं. काल बसून लिहिलं. दीड पान झालं. भाषा चांगली उतरली आहे.

ताई म्हणाली, त्या वेळी घरी तुझी बायको होती, तिचीही सही घेऊ. बायकोने पत्र शेवटपर्यंत वाचलं. पेन उचललं, पुन्हा टोपण लावलं आणि माझ्यामागून या खोलीत आली. दार लावून घेतलं. म्हणाली, चादरीखालचं खोकं तिने सकाळी साडेनऊलाच पाहिलं होतं. मला फोन करणार होती. बाबांनी हात जोडले, त्याला काही बोलू नकोस म्हणाले, म्हणून थांबली. दुपारी बॅटरी जागेवर दिसली तेव्हा तिला हायसं वाटलं. दिवे मोजायचं तिला सुचलं नाही. तिचं एवढं आहे आणि ती ते ताईंना सांगणार आहे. माझं मी लिहावं. एवढं बोलून ती बाहेर गेली.

पत्रावर लिहायला घेतलं. पत्र बाजूला सारलं. आधी इथे लिहून बघतो.

त्या दुपारी बाबांच्या खोलीत ऊन नव्हतं, पडदा ओढलेला होता. दिवा एकच होता आणि तो लुकलुकत होता. मी खाली वाकून तो नीट पाहिला. मग चादरीचं टोक त्याच्यावर ओढलं आणि जेवायला गेलो.

ताई बाहेर सहीसाठी थांबली आहे. पत्र झालं का म्हणून तिने दाराशी येऊन दोनदा विचारलं. मी झालं म्हणालो.