रोहित्राची खोली

माय, आज एका इंजिनिअरशी अॅल्युमिनियमच्या तारेवरून वाद घातला. जिंकलोही. शब्द सगळे तुझेच होते, म्हणून तुला लिहायला बसलो.

बीटी कपाशी नुकतीच सगळीकडे पसरली होती तेव्हाची गोष्ट. बियाणं महाग, फवारणी महाग, आणि कापूस घरात आला की व्यापारी म्हणेल तो भाव. मी सभांतून गरजत होतो: आपल्या कापसाची सरकी आपण काढू, रुई आपण विकू! लोकांनी ऐकलं, पिंपळगाव राजाच्या वाटेवर सहकारी जिनिंग उभी केली. वीज तेवढी यायची होती. दिवाळी तोंडावर होती. यंत्रं फिरली नाहीत तर माझ्या शब्दावर घरात थांबलेला कापूस पुन्हा व्यापाऱ्याच्याच गाडीत जाणार होता.

रोहित्राचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काम तुझ्याकडे आलं. बाबांच्या मागे खामगावचा तो लहान कारखाना तूच चालवायचीस. ओळीनं बसलेल्या बायका तारेवर कागद गुंडाळताहेत, तेलाचा वास भरलाय, आणि जिनिंगचे अध्यक्ष रुबाबात सांगताहेत, "वहिनी, रोहित्राची खोली बांधून तयार आहे. कोनशिला बसली, उद्घाटनबी झालं."

उद्घाटनाचं भाषण माझंच होतं. तू विचारलंस, "दार केवढं?" अध्यक्षांनी हात पसरले.

"भाऊ, एवढ्यातून तं माही म्हैस जात नाही."

मग तू समजावलंस. अॅल्युमिनियम स्वस्त, पण तेवढीच वीज वाहायला तार जाड लागते. गुंडाळी फुगते, पत्र्यांचा गाभा वाढतो, टाकी वाढते, तेल वाढतं. तांब्याचं लहान होईल, पण परवडणार नाही. शिवाय बंद खोलीत उष्णता कोंडणार, म्हणजे गार ठेवायला टाकीला आणखी नळ्या. "लहान, स्वस्त अन् गार, तिन्ही एकदम नाही भेटत."

"माय, लोक वाट पाहून राह्यले. तू काऊन आडवी येऊन राह्यली?"

"आवाज चढवल्यानं तार बारीक होत नाही. हे तुही सभा नोय."

"मग बाहेर ठेवा म्हणता?" अध्यक्ष म्हणाले. "तेल चोरतीन, तारबी नेतीन." ते खरं होतं. आसपासच्या शिवारातली रोहित्रं अशीच रिकामी झाली होती.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. जेवता जेवता मला सुचलं, "रोहित्र बाहेर जाळीत ठेवू, अन् खोलीत राखणदार राहू दे. अध्यक्षाची कोनशिलाबी शाबूत."

तू वळून पाहिलंस. "हे कोण्या पुस्तकात वाचलं बे?" आणि माझ्या ताटात न मागता आणखी एक भाकर टाकलीस. तुझी शाबासकी तेवढीच असायची. पुढे अॅल्युमिनियमचंच केलंस, ऐसपैस, मोकळ्या वाऱ्यावर.

कापसाच्या गाड्या आल्या त्या दिवशी मंडपात मला खूप बोलायचं होतं. तू मंडपात नव्हतीस. जाळीपाशी कान देऊन उभी होतीस. मी दोन वाक्यांत आटोपलं. तू काय ऐकतेस ते मला ऐकायचं होतं. आत रोहित्र एकसुरात घुमत होतं. मी शेजारी येताच तू म्हणालीस, "बरोबर घुमते ना?"

मी ठामपणे हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. नुसतं तुझ्याजवळ उभं राहून बरं वाटत होतं.