बोंदो अजून पलीकडेच आहे

एंगुरीकाठ, १८ सप्टेंबर २०१७

चि. थेओना हिस दोदोमावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. आमच्या काठावर फोन कानाला लावला की तो पलीकडचा टॉवर पकडतो, आणि तुझ्या आईबद्दल जे लिहायचंय ते दोन्ही काठांनी ऐकावं असं नाही. ब्रसेल्सला सामान नेणाऱ्या गाडीवाल्याबरोबर हे पत्र आणि बाटलीभर अजिका धाडते आहे. ती ऑफिसात वाटत सुटू नकोस, तिथल्या लोकांना एवढं तिखट सोसायचं नाही.

तुझ्या बाबाची माती रीतीप्रमाणे झाली. तुझे राहण्याचे कागद अडकले होते, निघाली असतीस तर परत जाता आलं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोंदोचा हट्ट तर तुला माहीतच होता. मार्चात नदीपलीकडच्या अब्खाझींनी आपला रस्ता बंद केला, तरी पलीकडे राहिलेल्या आपल्या बागेतले हेझलनट कुजू देणार नाही म्हणाला आणि पहाटे पाण्यात शिरला. झाडाखालीच छाती धरून बसला तो बसलाच. युरोपच्या त्या निळ्या बंडीवाल्या निरीक्षकांनी तिकडे फोन लावून लावून त्याला पुलावरून आणवला. त्यांचा तो उंच डेनिश टोर्बेन टोपी काढून उभा होता. माणूस बरा आहे, नुसता वाळका.

आता खरं सांगते. तुझी आई लामारा म्हणते, देह तेवढा आला, बोंदो अजून पलीकडेच आहे. रीतीप्रमाणे त्याचा कोट आणि पँट पलंगावर मांडून ठेवली आहे. ती रोज त्यावरून हात फिरवते आणि कपडे रिकामेच आहेत म्हणते. कुत्रा संध्याकाळी नदीवर जाऊन पलीकडे बघत शेपूट हलवतो. गुरुवारी तुझी आई गुडघाभर पाण्यात गेली होती, मी झिंज्या धरून बाहेर ओढली. चाळिसाव्या दिवसाच्या आत त्याचा जीव इकडे आणला नाही तर ही बाई एक दिवस पाण्यात उतरेल, आणि नदी नाही तर तिकडचे शिपाई तिला घेऊन जातील. काय करायचं ते कळव.

तुझी
दोदोमावशी

ब्रसेल्स, २६ सप्टेंबर

ती. दोदोमावशीस थेओनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, अजिकाही. बाटली गाडीतच सांडली होती, त्यामुळे तुझ्या पत्राला अजून लसणाचा वास येतोय.

मावशी, आईला जुग्दिदीच्या डॉक्टरांकडे ने. ती दुःखाने खचली आहे, तिला झोपेचं औषध हवं. निळ्या बंडीवाल्यांना यात ओढू नकोस. त्यांना बघायची आणि लिहायची एवढीच मुभा आहे. हातात शस्त्र नाही आणि पलीकडे पाऊल टाकायची परवानगी तर कधीच मिळाली नाही. त्यांना नेमताना कितीतरी देशांचं एकमत व्हावं लागतं, आणि एकेका शब्दावरून इथे आठवडे जातात. मी ज्या संस्थेत बसते तिथे याच मोहिमेवर टिपणं लिहितात. उद्या मी उठून सांगू का की माझ्या बाबांचा जीव रेघेपलीकडे राहिला आहे, तेवढा आणवा? लोक हसतील गं.

आईला सांग की मी जेवते. झोप मलाही नाही, पण ते सांगू नकोस.

तुझी
थेओना

एंगुरीकाठ, ३ ऑक्टोबर

चि. थेओनास आशीर्वाद.

डॉक्टरांकडे नेलं होतं. तुझ्या आईने त्यांनाच विचारलं की तुमच्या आजोबांना नदीवरून कसं आणलं होतं. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले की दोन्ही काठांना रेशमाचा धागा बांधून, तारांची चोंगुरी वाजवून, जीव त्या धाग्यावरून येतो. झालं, औषधाची चिठ्ठी तशीच राहिली.

मी तुझ्यासारखीच हसत होते. माझा पोरगा झाझा त्या त्र्याण्णवच्या लढाईत पलीकडे गेला तो कुठे पडला हेसुद्धा कळलं नाही, म्हणून या असल्या गोष्टींकडे मी पाठ फिरवली होती. पण शनिवारी दिवेलागणीला कोंबड्या कोंडताना नदीकडून खोकला ऐकला. बोंदोचा तो सिगारेटचा खोकला, दोनदा कोरडा आणि मग शिवी घातल्यासारखा तिसरा. थेओना, मी भ्याले. लपवत नाही.

मग टोर्बेनलाच दुकानाशी गाठलं. दुभाषी मुलगी सांगता सांगता लाल झाली. तो न हसता लिहून घेत होता. म्हणाला की दोन्ही काठांच्या बैठकीत विषय ठरलेले असतात, पकडलेली माणसं, चुकलेली गुरं, पाटाचं पाणी आणि बेपत्ता माणसं, यातल्या कशात घालू? मी म्हटलं, बेपत्तात घाला. तशी लामारा चवताळली. नवरा कुठे आहे ते तिला ठाऊक आहे म्हणे, बागेतल्या तिसऱ्या झाडाखाली, मग बेपत्ता कसला? त्या बिचाऱ्याने पेनच बंद केलं.

तू शब्दांचीच भाकरी खातेस ना? मग दे एक ओळ लिहून, जी दोन्हीकडच्यांना टोचणार नाही.

दोदोमावशी

ब्रसेल्स, १० ऑक्टोबर

ती. मावशीस शि. सा. न.

चुकले. तू भ्यालीस हे वाचल्यावर माझी मस्ती उतरली. मी आमच्या साहेबिणीला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, पण तिने एवढंच विचारलं की धागा किती जाड.

ओळ अशी घ्या: “दिवंगताच्या कुटुंबाचा एक विधी अपुरा आहे. त्यासाठी दोन्ही काठांना जोडणारा एक रेशमी धागा थोडा वेळ धरू द्यावा. कोणीही व्यक्ती ओलांडणार नाही.” यात ‘सीमा’ लिहायचं नाही, पलीकडे वेगळा देश मानला म्हणून आपले लोक चिडतील. ‘रेघ’ही नको, तिकडचे चिडतील. ‘काठ’ला कोणाचीच हरकत नसते. शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला, कारण बाबा तर ओलांडणार आहेत. पण ते खोडलं तर परवानगी मिळणार नाही, तेव्हा त्यांनी मला माफ करावं.

आईला घट्ट धरून ठेव.

थेओना

एंगुरीकाठ, २२ ऑक्टोबर

चि. थेओनास अनेक आशीर्वाद.

आणला गं तुझ्या बाबाला! काल, चाळिसाव्याच्याच दिवशी.

टोर्बेन सांगत होता की बैठकीत दोन्हीकडचे साहेब धाग्यात तार आहे का, वीज खेळते का असलं विचारत बसले. तिकडचा फोन सांभाळणारा अधिकारी अस्तामूर, पिकल्या मिशांचा अब्खाझी, तो मात्र म्हणाला की यात विचारण्यासारखं काय आहे, आमच्यातही असंच आणतात. सही त्यानेच केली.

नदी जिथे अरुंद आहे तिथे गेलो. अस्तामूर आधी तिसऱ्या झाडाखाली जाऊन आपल्या काठच्या मिंग्रेली बोलीत हाक मारून आला की बोंदो, ऊठ, बायको वाट बघतेय. मग मासे धरायच्या गळाला धागा बांधून त्याने फेकला. दोनदा पाण्यात पडला आणि तिसऱ्यांदा शिशाचा गोळा थेट टोर्बेनच्या बुटावर. त्याने कोणाच्या बाजूने काही उचलायचं नसतं, म्हणून तो बगळ्यासारखा एक पाय धरून उभा राहिला आणि धागा मी उचलला. लामारा चोंगुरी वाजवत उलट्या पावलांनी घरापर्यंत आली. पलंगावरच्या कोटावर हात ठेवला आणि म्हणाली की आला. मग जी रडली, आणि रडता रडता जेवली, दोन वाडगे मक्याची घोमी. रात्रभर घोरत होती. कुत्राही आता नदीवर जात नाही.

पण आज टोर्बेन पुन्हा आला. अस्तामूरने फोनवर एक मागितलंय. त्याचा धाकटा भाऊ दाऊर त्या लढाईत आपल्या काठावर मेला, चहाच्या कारखान्याच्या वजनाच्या छपरीत. देह नंतर परत गेला, पण म्हातारी आई अजून त्याचे कपडे मांडून बसली आहे. इकडून कोणीतरी हाक मारून त्याला धाग्यावर घालावा. लामारा लगेच हो म्हणाली, पण रीतीप्रमाणे तरण्या पोराला हाक पोर गमावलेल्या बाईनेच मारायची. म्हणजे मी.

मी नाही म्हटलं. त्यांच्याच लोकांनी माझा झाझा खाल्ला.

दोदोमावशी

ब्रसेल्स, ३० ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

आई जेवली हे वाचून मी जिन्यातच बसून रडले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

तू नाही म्हणालीस तर कोणीही बोट दाखवणार नाही. इथून फक्त एक कळलं ते सांगते. धाग्यावर सही केली म्हणून अस्तामूरला वरून बोलणी बसली आहेत, फोनच्या कामावरून काढतील असं म्हणतात. तो गेला तर पुन्हा विचारायला तिकडे कोणी नसेल. आणि दाऊर एकोणीस वर्षांचा होता.

थेओना

एंगुरीकाठ, १४ नोव्हेंबर

चि. थेओनास दोदोमावशीचे आशीर्वाद.

एकोणीस लिहायची काय गरज होती तुला? माझाही तेवढाच होता, हे तुला ठाऊक आहे. आठवडाभर तुझ्या नावाने बोटं मोडली आणि काल गेले.

छपरीत नुसती चिखलमाती आणि गंजका तराजू. लामाराने चोंगुरी धरली. दाऊर म्हणायला तोंड उघडलं तर जीभ हलेना, रागाने म्हण की भीतीने. कोपऱ्यात थंडी होती, तिथे कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय असं मला वाटलं. मग झाझाला रोज संध्याकाळी दारातून मारायचे तीच हाक तोंडातून गेली. बाळा, ऊठ, घरी चल, जेवण निवतंय.

नदीशी येऊन धाग्याचं टोक धरलं. धागा सैल होता तो एकदम ताणला, बोटात रुतला आणि हळूहळू सैल पडला. टोर्बेनने वारा आहे का म्हणून ओलं बोट वर धरून पाहिलं. वारा नव्हता. त्याने काय लिहिलं मी विचारलं नाही.

पलीकडून अस्तामूर ओरडला की पोचला. मला काय झालं कोण जाणे, मीही ओरडले की माझाही तिकडेच आहे कुठेतरी, झाझा नाव. त्याने विचारलं, कुठे? मला ठाऊक असतं तर इतकी वर्षं अशी बसले असते का? त्याने धागा बोटाला गुंडाळून घेतला. मग म्हणाला की मला आता फोनच्या कामावरून काढलंय, वेळच वेळ आहे. सुखुमी शहरापर्यंत एकेका पुलापाशी, एकेका खंदकापाशी थांबून हाक मारत जाईन. आईने कशी मारायची तेवढं सांगा. मी सांगितलं.

कालपासून मी दार नुसतं लोटून घेते, कडी लावत नाही. लामारा म्हणते चोर येईल. येऊ दे.

कळावे. आमच्यावरची माया अशीच ओली ठेव.

तुझी
दोदोमावशी