गिळलेला ‘ले’

प्रिय फर्गल,

पाकिटावर आमच्या गावचा शिक्का पाहून तू हे न फोडताच चुलीत टाकशील, अशी निम्मी भीती मनात आहे. टाकू नकोस. आणि आयरिशमध्ये लिहिलंय म्हणून चिडूही नकोस. त्या दिवसापासून तू आपल्या भाषेचा एक शब्द उच्चारला नाहीस, असं पाद्रीबाबांकडून कळलं. पण काय करू, मला इंग्रजीत खोटं फार सफाईनं बोलता येतं. सगळा धंदा त्याच भाषेत केला. हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर पहिल्याच पानावर मी सुटलो असतो.

आधी बरी बातमी. शाळा वाचली. घरोघर फिरून, कुत्री अंगावर घेऊन तू ज्या सह्या गोळा केल्यास, त्यावर सरकारनं दुसरी शिक्षिका दिली. पोरं पटांगणात आपल्याच भाषेत एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. कानाला गोड वाटतं. तुझं नाव मात्र तिथं कुणी घेत नाही. का, ते तुला ठाऊक आहे. खरं कारण मात्र तुला ठाऊक नाही.

तू आलास तो दिवस आठवतो. दारात ‘गुड मॉर्निंग’ म्हणालास आणि मी तुझी बॅग उचलून रस्त्यावर ठेवली. ‘बेलफास्टच्या साहेबा, ह्या घरात इंग्रजीचा एक शब्द निघाला की बॅग बाहेर. दुसरा निघाला की तू बाहेर.’ तू हसलास, आणि तीन उन्हाळे तो नियम इमानानं पाळलास. तो आला कुठून, हे मी कधी सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी मी इंग्लंडात, हडर्सफील्डला चर खणायला होतो. चुलतभावाला आपल्या भाषेत ओरडून म्हणालो, ‘दोर सोड!’ मुकादमानं फावडं फिरवून माझ्या तोंडावर मारलं. ‘माणसासारखं बोल,’ म्हणाला. चिखलातून मी माझे तीन दात वेचले. एक दिवस माझं असं घर असेल जिथं ह्या माणसाच्या भाषेला बसायला खुर्ची मिळणार नाही, असं तेव्हाच ठरवलं. घर झालं, दुकान झालं, दोन लॉऱ्या झाल्या. भाषा शिकायला येणाऱ्या तुझ्यासारख्यांसाठी माडीवर चार खोल्याही झाल्या.

धक्क्यावरच्या होडीवाल्या फेस्टीनं कधी कुणाला शिकवलं नाही. तो नुसता बोलायचा. समुद्रातल्या शेवाळाला त्याच्याकडे चाळीसएक नावं होती आणि तू रोज सकाळी धक्क्यावर जाऊन ती एकेक करून वहीत उतरवायचास. दुकानात येऊन तो सांगायचा, ‘हा बेलफास्टवाला माझे दात मोजतोय रे, घोडा घ्यायला आल्यासारखा!’ पण तुला यायला उशीर झाला की त्याची मान दहादा रस्त्याकडे वळायची.

त्या मंगळवारी तू त्याला भेटून नऊला घरी परतलास आणि माडीवर लिहीत बसलास. साडेदहाला तो धक्क्याखालच्या दगडांत सापडला. डोकं फुटलेलं, दोन्ही कानांतून रक्त. त्याला दवाखान्यात पोचवून त्याचे भाऊ, माक्डारा आणि कोलमन, तडक माझ्या दुकानाच्या अंगणात आले. माक्डाराचा सदरा पोटापर्यंत लाल होता. ‘आज फेस्टीबरोबर कोण होतं?’ तेवढ्यात तू जिना उतरून बाहेर आलास, हातात वही. तुला कशाचाच पत्ता नव्हता. फेस्टीचं नाव कानावर पडलं, तुला प्रश्न समजला, आणि समजल्याच्या आनंदात तू हसत म्हणालास, ‘वूल मे फेस्टी इर अन् ग्ये.’

तुला म्हणायचं होतं, मी फेस्टीला धक्क्यावर भेटलो. ‘वूल मे ले फेस्टी.’ तो चिमूटभर ‘ले’ तू गिळलास. ‘ले’ गेला की तेच वाक्य होतं, मी फेस्टीला मारलं. शिकणारा प्रत्येक जण ही चूक करतो आणि दर उन्हाळ्यात आम्ही तिच्यावर पोट धरून हसतो. ‘अरे वा, काल नाचात तीन पोरींना मारलंस म्हणे!’ त्या दिवशी कुणी हसलं नाही. माक्डारानं विचारलं, ‘तू मारलंस त्याला?’ आपल्या भाषेत ‘हो’ नाही. विचारलेलं क्रियापदच परत द्यायचं, हे तुला मीच शिकवलेलं. तू शहाण्या विद्यार्थ्यासारखं ते परत दिलंस. ‘वूल!’

पहिला फटका कानावर बसला. तू पडलास तशा लाथा सुरू झाल्या. मग कोलमननं तुझा उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि माक्डारानं शेवंडीच्या पिंजऱ्यात घालायचा दगड घेऊन तुझी बोटं ठेचली. छापखान्यात खिळे जुळवणारी बोटं. एक. मग दुसरं. तू ओरडत होतास, ‘नी हिगिम! नी हिगिम!’ मला समजत नाही, मला समजत नाही. तुला आलेलं पहिलं वाक्य. इंग्रजीत दोन शब्द बोलला असतास तरी ते थांबले असते. तू माझ्याकडे पाहिलंस. अंगणात तो नियम नव्हता रे, फर्गल. तरी तू पाळलास. शेवटी बुटाची टाच जबड्यावर आली, आणि मग तुला कुठल्याच भाषेत बोलता येईना.

मी दारात उभा होतो. माझा कान कसा आहे ते गावाला ठाऊक आहे; लिलावात समोरच्याच्या श्वासावरून तो कुठं थांबणार ते मी सांगतो. तुझं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं की ‘ले’ राहिला. एक शब्द टाकला असता तर पुरत होतं. मी टाकला नाही. पुढं जबड्याची तार निघाल्यावर तू पाद्रीबाबांना इंग्रजीत पत्र लिहून ती चूक समजावलीस. ते दुकानात वाचलं गेलं तेव्हा माक्डाराचा चेहरा हलला होता, मी पाहिलं. म्हणून काउंटरमागून मी म्हणालो, ‘दोन महिन्यांत व्याकरण बरं सुचलं!’ सगळे हसले. तोही हसला, आणि ते दार बंद झालं.

कारण साडेनऊला मी धक्क्यावर होतो. शाळेमागचं शेत मी फेस्टीकडून गावाचं सभागृह बांधायचं म्हणून घेतलं होतं, आणि मागच्या दारानं ते डब्लिनच्या एका बिल्डरला दिलं होतं. बारा बंगले, वर्षातून तीन आठवडे येणारे, इंग्रजी बोलणारे शेजारी. एकीकडे तुझ्याबरोबर सह्या गोळा करत होतो, दुसरीकडे हे. फेस्टीच्या हाती नकाशा लागला. तो ओरडला नाही. होडी पुसत म्हणाला, ‘बार्टली, तुझ्या जिभेवर आयरिश आणि कागदावर इंग्रजी. रविवारी सगळ्यांना सांगतो. पहिल्यांदा तुझ्या त्या बेलफास्टवाल्याला.’ गावाचं मी निभावलं असतं. तुला कळणं मला झेपेना. वल्हं हातात कधी आलं ते कळलंच नाही, असं लिहिणार होतो. पण ते वकिली वाक्य झालं. वल्हं मी उचललं. एकदा मारलं. तो गुडघ्यावर आला आणि त्यानं माझं नाव घेतलं, म्हणून पुन्हा मारलं. तू चुकून जे बोललास ते वाक्य माझं होतं. माझ्या तोंडी त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

फेस्टी अकरा महिने जगला. खुर्चीत, खिडकीपाशी. गावात सगळ्यात जास्त शब्द असलेला माणूस, आणि एकही बाहेर आला नाही. मी दर शनिवारी त्याला तंबाखू नेऊन द्यायचो. तो माझ्याकडे बघायचा. मी हवापाण्याचं बोलायचो.

गेल्या महिन्यात तो गेला. शवपेटीवर हात ठेवून माक्डारा सगळ्यांदेखत म्हणाला, ‘महिन्याची मिस्सा होऊ दे. मग बेलफास्ट.’ तुझा पत्ता त्यानं माझ्याच वहीतून उतरवून घेतला. पेनही मीच दिलं. महिना झाल्यावर चर्चमध्ये मेलेल्यासाठी करतात ती प्रार्थना, ती मिस्सा या रविवारी आहे. शुक्रवारपासून घरी राहू नकोस, बहिणीकडे जा, कुठंही जा. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकापाशी मी सगळं सांगणार आहे, पोलीस सार्जंटसमोर, भावांसमोर. तू म्हणशील, मग आजच का नाही? मी स्वतःला ओळखतो. रविवारपर्यंत मी दहा पळवाटा काढीन आणि अकरावीतून निसटेन. म्हणून पत्र आधी. खाली पूर्ण सही केली आहे, कोर्टात चालेल अशी. टपालपेटीत पडलं की मी तुझ्या हातात. फाटकापाशी माझी जीभ अडखळली तरी हे कागद अडखळणार नाहीत. सोमवारपासून बेधडक घरी राहा. त्या दोघा भावांना एवढ्या लांब जायची गरज तोवर उरलेली नसेल.

तुझाच म्हणायचा हक्क राहिला नाही, तरी तुझाच,
बार्टली ओ’फ्लाहर्टी